रोजेदार खेळाडूची रात्र

रमजानचा चांद दिसला की आपल्याकडे रोजेदार खेळाडूंच्या कथा सुरू होतात. वर्तमानपत्रांतील सदरांत, जलशांत, इफ्तारच्या दस्तरखानावर त्या फिरत असतात. त्यांना कुणी साहित्य मानीत नाही, म्हणून त्यांची समीक्षाही होत नाही. पण आमची मुले कथा-कादंबऱ्या वाचतात त्याहून अधिक या गोष्टी ऐकतात आणि त्यांवरून स्वतःच्या शरीराचा हिशेब मांडतात. तेव्हा त्या तपासायला हव्यात.

पहिली कथा हाशिम आमलाची. जुलै २०१२ मध्ये ओव्हलच्या मैदानावर त्याने इंग्लंडविरुद्ध नाबाद ३११ धावा केल्या. सामना चालू असतानाच रमजान लागला आणि त्याने ही खेळी रोजा ठेवून केल्याची बातमी पसरली. प्रत्यक्षात आमलानेच सांगितले होते की आपण सफरीत आहोत, रोजे घरी परतल्यावर पूर्ण करू. तरीही जुनी कथा टिकून आहे. खऱ्या आमलापेक्षा आपल्याला कथेतला आमला अधिक हवासा वाटतो.

दुसरी कथा उलट बाजूची. ४ मार्च २०२५ रोजी दुबईत चॅम्पियन्स करंडकाच्या उपान्त्य सामन्यात मोहम्मद शमी मैदानावर पेय पिताना दिसला. बरेलीच्या एका मौलानांनी त्याला शरीयतच्या नजरेत गुन्हेगार ठरवले. इतर आलिमांनी त्याची पाठराखण केली, पण बोभाटा व्हायचा तो झालाच. वास्तविक आजारी आणि मुसाफिराला रोजा पुढे ढकलून नंतर कजा करण्याची मुभा कुरआनातच, सूरह बकरात दिलेली आहे. आमला आणि शमी दोघेही मुसाफिर होते. एकाला न ठेवलेल्या रोजाची शाबासकी मिळाली, दुसऱ्याला न ठेवल्याची शिक्षा. दोन्ही वेळा खेळाडूचे स्वतःचे म्हणणे मात्र आपण ऐकले नाही.

तिसरी कथा हकीम ओलाजुवानची. फेब्रुवारी १९९५ मध्ये रोजे ठेवून खेळत असताना तो अमेरिकेच्या एनबीए स्पर्धेतील त्या महिन्याचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. ही गोष्ट खरी आहे आणि तिचा अभिमानही वाटावा. पण सांगणारे हंगाम गाळतात. ह्यूस्टनमध्ये फेब्रुवारीत सूर्य सहाच्या सुमारास मावळतो आणि बहुतेक सामने त्यानंतर असत. लंडनमध्ये जुलैअखेर मगरिब होते रात्री नऊच्या आसपास. इशा आणि तरावीह होईतो मध्यरात्र उलटते, आणि सहरी पहाटे तीनच्या आत संपवायची. चांद्रवर्ष दरवर्षी दहा-अकरा दिवस मागे सरकते, त्यामुळे सुमारे ३३ वर्षांत रमजान सगळ्या ऋतूंतून फिरतो. एका ऋतूचा दाखला दुसऱ्या ऋतूला लावता येत नाही. २०१२ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये मो फराहने रोजे पुढे ढकलले आणि ५,००० व १०,००० मीटरची सुवर्णपदके जिंकली. ही कथा मात्र जलशांत फारशी ऐकू येत नाही.

या साऱ्या कथांत भूक आहे, तहान आहे; झोप नाही. रोजेदार खेळाडूचा दिवस सर्वांना दिसतो, रात्र कुणाला दिसत नाही. सरावाने थकलेले स्नायू गाढ झोपेत सावरतात, आणि झोप तुटली की नजर व पाय यांचा मेळ बिघडतो. फिफाच्या वैद्यकीय संशोधकांनी ट्युनिशियातील तरुण फुटबॉलपटूंचा रमजानात अभ्यास केला होता. २००८ साली प्रसिद्ध झालेल्या त्याच्या निष्कर्षांत, झोप, आहार आणि सराव नीट सांभाळला तर क्षमता फारशी घटत नाही, असे दिसले. म्हणजे प्रश्न केवळ इमानाच्या ताकदीचा नाही. झोपायला वेळ आणि जागा कुणाला मिळते, याचाही आहे.

२००५ च्या रमजानात मी दहावीत होते. तालुक्याच्या स्पर्धेत ८०० मीटर धावले, तिसरी आले. बक्षीस देताना पाहुणे म्हणाले, "पाण्याचा घोटही न घेता धावली ही पोर!" टाळ्या झाल्या. मला तहान सोसवत होती. डोळे मिटत होते ते झोपेने, कारण रोज साडेतीनला उठून अम्मीबरोबर सहरीच्या रोट्या मीच करीत असे. माझा भाऊही खेळायचा. त्याला ताट वाढून झाल्यावर उठवले जाई.

आमच्या मुस्लिम मराठी कथेत इफ्तारचे खजूर आणि शीरखुर्म्याचा दरवळ पुष्कळ आला. पहाटे तवा तापवून मग मैदानावर जाणारी मुलगी मला अजून तिथे भेटलेली नाही. गौरवाच्या आणि दोषाच्या कथा आपण भरपूर लिहिल्या. आता तिची रात्र कुणीतरी लिहावी.

आता मी उर्दू शाळेत शिकवते. रमजानात धावायला येणाऱ्या मुलीला मी "रोजा आहे का?" असे विचारत नाही, तो तिचा आणि अल्लाहचा मामला. मी विचारते, "रात्री किती वाजता झोपलीस, बेटा?" पहिल्या दिवशी मुली गोंधळतात. हा प्रश्न त्यांना आजवर कुणी विचारलेलाच नसतो.