नळीवरचं चाक

ठिबकची नळी तयार होताना पाहायला गेलेल्या माणसाची नजर आधी एक्स्ट्रूडरवर खिळते. प्लॅस्टिकचे दाणे वितळून अखंड नळी बाहेर पडते, ठरावीक अंतरावर तिच्या पोटात ड्रिपर चिकटत जातात, पाण्याच्या हौदातून ती थंड होत पुढे सरकते. मला या लाइनमध्ये सर्वांत देखणं वाटतं ते नळी ओढणाऱ्या हॉल-ऑफजवळ तिच्यावर टेकलेलं छोटं चाक आणि त्याच्या आसावरचा एन्कोडर.

भवरलाल जैन यांनी 1980 च्या दशकात जळगावात ठिबक रुजवलं. केळीच्या आणि कपाशीच्या या मुलखात नळीची किंमत पैशांत असते तशी पाण्यातही असते. धुळे जिल्ह्यात पांझरेकाठच्या फड सिंचन पद्धतीत पाटकरी शतकानुशतकं पाण्याची पाळी सांभाळत आले. मोजून देणं इथे जुनंच आहे.

एन्कोडरच्या आत एक चकती असते. तिच्यावर समजा 1000 फटी आहेत. एका बाजूला दिवा, दुसऱ्या बाजूला उजेड टिपणारा डोळा. चाक फिरलं की उजेड, अंधार, उजेड, अंधार. एन्कोडरला वेग कळत नाही, वेळही कळत नाही. आपण किती सरकलो एवढंच तो सांगतो. पण डोळे दोन असतात, आणि दुसऱ्याचा संकेत पहिल्यापासून पाव आवर्तन सरकवलेला असतो. पहिला आधी उजळला तर नळी पुढे चालली, दुसरा आधी उजळला तर मागे. या रचनेकडे माझं मन पुन्हा पुन्हा जातं. लाइन थांबताना नळी थरथरते, जरा मागे येते. एकच डोळा असता तर ती थरथर नवी नळी म्हणून मोजली गेली असती. दोन डोळ्यांमुळे जे मागे गेलं ते वजा होतं. केवळ एका जास्तीच्या किरणातून दिशेचं भान यावं, याहून काटकसरीची रचना मी पाहिलेली नाही.

उजेड-अंधाराची प्रत्येक जोडी म्हणजे एक पल्स. ते मोजून वेग आणि लांबी काढतो पीएलसी, म्हणजे प्रोग्रामेबल लॉजिक कंट्रोलर. मोटारींच्या कारखान्यांतलं रिलेंचं जंजाळ हटवण्यासाठी हा कंट्रोलर 1960 च्या दशकाअखेरीस अमेरिकेत जन्मला. चाकाचा परीघ 500 मिलिमीटर धरा आणि लाइन मिनिटाला 60 मीटर. म्हणजे सेकंदाला दोन फेरे, 2000 पल्स. पीएलसीचा एक स्कॅन 10 मिलिसेकंदांचा असेल, तर त्याने दोनदा डोळे उघडण्याच्या मधे 20 पल्स निसटून जातात. म्हणून हाय-स्पीड काउंटर वेगळा ठेवतात. प्रोग्रामची वाट न पाहता तो मोजत राहतो. दर 10 मिलिसेकंदांनी वेग काढला तर 20 मधला एक पल्स इकडेतिकडे झाला तरी पाच टक्क्यांचा फरक. 100 मिलिसेकंद थांबलं तर तोच फरक अर्ध्या टक्क्यावर येतो. घाई केली तर आकडा नाचतो, फार थांबलं तर बातमी शिळी होते. लाइन अगदी संथ असेल तेव्हा हिशेब उलटा करतात: पल्स मोजण्याऐवजी दोन पल्समधला वेळ मोजतात.

काही ठिकाणी एन्कोडर नळीवरच्या चाकाऐवजी हॉल-ऑफच्या मोटरच्या शाफ्टवर बसवतात. जागा कोरडी, सुरक्षित, सोयीची. पण नळी हॉल-ऑफच्या पट्ट्यात घसरली तरी मोटर फिरलेलीच असते आणि एन्कोडर तेच सांगतो. नळीवरचं चाक नळीचं सांगतं, म्हणून माझं मत त्याच्या बाजूने. अट इतकीच की ते ओल्या नळीवरही नीट दाबून बसलेलं हवं.

चाक झिजतं, ही मात्र खरी अडचण. व्यास एका मिलिमीटरने कमी झाला की परीघ 3.14 मिलिमीटरने घटतो. पीएलसी अजून 500 च धरून बसलेला. 500 मीटरच्या बंडलात असे 1000 फेरे, म्हणजे शेतकऱ्याच्या हाती 3.14 मीटर नळी कमी. ड्रिपर 40 सेंटिमीटरवर असतील तर सातआठ ड्रिपर गेले. स्क्रीनवर मात्र वेग बिनचूक दिसत राहतो.

जळगाव-धुळ्याच्या एमआयडीसींत अशा लाइन चालवणाऱ्यांना एकच विनंती: चाकाचा परीघ ठरल्या दिवशी टेपने मोजा, पीएलसीत भरा आणि तारखेसह पॅनलवर लिहून ठेवा.