उजवा पाय

निवृत्त माणसाने वेळ कसा घालवावा याचा सल्ला देणारे लोक स्वतः कधीच निवृत्त नसतात. मला कोणी बाग सुचवली, कोणी ज्ञानेश्वरी. मी विमान घेतलं. म्हणजे घरच्या कॉम्प्युटरवर विमान उडवायचा सिम्युलेटर, आणि सोबत टेबलावर ठेवायची एक दांडी. नाटक-सिनेमाचं परीक्षण सगळेच लिहितात, मी या विमानाचं लिहितो. कंपनीचं नाव सांगत नाही. आमचे संबंध अजून टिकायचे आहेत.

पहिला अंक मांडामांडीचा. सिम्युलेटर इंटरनेटवरून घरात उतरायला एक रात्र आणि दुसरा अख्खा दिवस लागला. खऱ्या विमानतळावर तासन्‌तास ताटकळावं लागतं, तो अनुभव इतक्या इमानाने दिल्याबद्दल पहिला गुण. दांडी जेवणाच्या टेबलावर, लोणच्याच्या बरणीशेजारी बसवली. ‘‘बरणी हलवू नका, मुरतंय ते!’’ असा कंट्रोल टॉवरचा हुकूम स्वयंपाकघरातून आला.

विमान निवडलं सेसना १७२. जगभर शिकाऊ लोक याच विमानावर हात बसवतात. पण धावपट्टीवर वेग घेतला की ते हट्टाने डावीकडे जायचं. चार वेळा गवतात गेलो. दांडी बिघडली, दुसरं काय! पुण्याच्या भाच्याला फोन लावला.

‘‘मामा, दुसऱ्या यूएसबीत लावून बघ.’’

बघितलं. विमान डावीकडे.

‘‘कॅलिब्रेशन कर.’’ म्हणजे दांडी चारी कोपऱ्यांना फिरवून तिला दिशा शिकवायच्या. शिकवल्या. विमान डावीकडे.

‘‘डेड झोन वाढव.’’ म्हणजे दांडी मध्यावर जराशी थरथरली तरी विमानाने ते मनाला लावून घ्यायचं नाही, अशी सोय. ही सोय संसारात लग्नाच्या दिवशीच मिळाली असती तर! असो. विमान डावीकडेच.

पाचव्यांदा कसाबसा उडालो, तर हवेत इंजिनाने मान टाकली. हा मात्र खराखुरा बिघाड निघाला. नातवाचा गेमपॅड मागे लावलेलाच राहिला होता आणि इंजिनाचा जोर दांडीबरोबर त्यालाही वाटून दिला गेला होता. एका इंजिनाचे दोन मालक! सेटिंगमधून गेमपॅडचं नाव कमी केलं, तसं इंजिन शुद्धीवर आलं. डावीकडची ओढ काही सुटेना.

चौथ्या दिवशी पुस्तकात उलगडा झाला. बिघाड नव्हताच! पुढचा पंखा फिरतो, त्याच्यामागची हवा विमानाला पीळ घालत जाते आणि शेपटीवर डाव्या अंगाने आपटते. म्हणून नाक डावीकडे वळतं. खरं विमानही असंच वागतं. वैमानिक उजव्या पायाने सुकाणू दाबून ते सरळ ठेवतो. माझ्या दांडीला पाय नव्हते. ती उजवीकडे पिळायची होती.

‘‘उजवा पाय होय?’’ सौ. म्हणाली. ‘‘मी या घरात तोच आधी टाकला होता, म्हणून चाललंय सगळं.’’

परीक्षक म्हणून मी इथे टोपी काढतो. नक्कल इतकी अस्सल, की तिचा गुण मी चार दिवस दोष म्हणून दुरुस्त करत बसलो होतो! या कलेचं घराणंही मोठं. १९२९ साली अमेरिकेत एडविन लिंकने जमिनीवर उडायला शिकवणारं यंत्र केलं. त्याच्या वडिलांचा पियानो-ऑर्गनचा कारखाना होता, म्हणून त्याने ते ऑर्गनच्या भात्यांवर डोलवलं. आपण पेटीच्या भात्यावर नाट्यपदं काढली, त्याने वैमानिक काढले. पुढे १९८२ साली ऑक्टोबरात जे. आर. डी. टाटांनी वयाच्या ७८व्या वर्षी कराची ते मुंबई हे आपलं १९३२चं उड्डाण पुन्हा करून दाखवलं, आणि त्याच्या पुढच्याच महिन्यात मायक्रोसॉफ्टचा पहिला सिम्युलेटर बाजारात आला. बसल्या जागी उडणाऱ्या माझ्यासारख्यांचा शक तिथून सुरू होतो.

‘‘सुकाणू आपोआप सांभाळायची सोय असते, मामा. चालू करून टाक,’’ भाचा म्हणाला. मी नको म्हटलं. विसाव्या वर्षी हवाई दलाच्या तपासणीत तक्त्यावरची शेवटची ओळ मला वाचता आली नव्हती. वडील एवढंच म्हणाले, ‘‘बँकेत चष्मा चालतो.’’ तो छत्तीस वर्षं चालला. आता चष्म्यानिशी उडायला मिळतंय, तर निदान उजवा पाय तरी माझा असू दे.

आता दोष. या नाटकात भीती नाही. आपटलो की ‘पुन्हा सुरू करा’ असं बटण येतं. ज्या पडण्याला किंमत नाही, त्या उडण्याचं मोल काय? असं परीक्षण मनात तयार झालं होतं, आणि सौ. खुर्ची ओढून शेजारी बसली.

‘‘आमच्या गावावरून न्या.’’

तिचं माहेर संगमेश्वरजवळ. घर विकलं त्याला वीस वर्षं झाली. रत्नागिरीहून उडालो. उपग्रहाच्या फोटोवरून जमीन खरी दिसते, पण खेड्यातली घरं यंत्र अंदाजाने उभी करतं. अंदाज चुकतातही, २०२० साली एका प्रसिद्ध सिम्युलेटरात मेलबर्नच्या साध्या वस्तीत २१२ मजली मनोरा उगवला, कारण नकाशात कुणी मजले २ऐवजी २१२ लिहिले होते. तिच्या कौलारू घराच्या जागीही कुठलीतरी परकी पेटी उभी होती. विहीर नव्हती. मी गप्प झालो.

ती मात्र पडद्याला नाक लावून म्हणाली, ‘‘तो बघा शास्त्री नदीचा वळसा! तिथे आम्ही धुणं धुवायला जायचो. अहो, खाली घ्या ना जरा. हळू... हळू!’’

आणि तिने माझा दंड घट्ट धरला.

आता आपटून चालणार नव्हतं. ‘पुन्हा सुरू करा’ म्हणून हा वळसा पुन्हा असा दिसला नसता. तळहाताला घाम फुटला, पोटात गोळा आला, टेबलाखाली उजवा पाय आपोआप फरशी दाबू लागला.

भीती नसल्याचा आक्षेप मी परीक्षणातून मागे घेत आहे. शेजारची खुर्ची मात्र कंपनी देत नाही, ती आपली आपण आणावी लागते.