अपवर्जन तत्त्व आणि इलेक्ट्रॉनांची प्रतिसममिती : मराठी मांडणीची चिकित्सा

प्रस्तावना :
कोल्हापुरात १९३८ साली जन्मलेल्या डॉ. जयंत नारळीकर यांनी खगोलविज्ञान मराठीत आणले. श्वेत बटू ताऱ्यांची चंद्रशेखर मर्यादा (सुमारे १.४ सौर वस्तुमान) मराठी वाचकास परिचित आहे, परंतु ती ज्या अपवर्जन तत्त्वावर उभी आहे, त्याची मांडणी मात्र बहुधा ‘एका आसनावर एकच प्रवासी’ या दृष्टांतापाशी थांबते. हा दृष्टांत कितपत ग्राह्य आहे, हे तपासणे आवश्यक ठरते.

विवेचन :
अणूतील दोन इलेक्ट्रॉनांचे चारही पुंज अंक समान असू शकत नाहीत, हा नियम वुल्फगांग पाउली यांनी १९२५ मध्ये मांडला. आसनाचा दृष्टांत या नियमापुरता उपयुक्त आहे. तथापि प्रवासी एकमेकांहून वेगळे ओळखता येतात. त्यांनी जागा बदलल्यास नवी रचना होते. इलेक्ट्रॉनांना अशी स्वतंत्र ओळखच नाही. १९२६ मध्ये हायझेनबर्ग व डिरॅक यांनी दाखविल्याप्रमाणे दोन इलेक्ट्रॉनांची अदलाबदल केली असता तरंगफलनाचे केवळ चिन्ह बदलते. दोघांची अवस्था एकच असेल, तर फलन स्वतःच्याच ऋण रूपाइतके, म्हणजेच शून्य होते. अतएव अपवर्जन हा स्वतंत्र निर्बंध नसून प्रतिसममितीची निष्पत्ती होय.

हेलियमच्या उदाहरणात दृष्टांताची मर्यादा उघड होते. एक इलेक्ट्रॉन पहिल्या व दुसरा दुसऱ्या कवचाच्या एस कक्षकात असताना ‘आसने’ वेगळीच असतात. म्हणजे नियमाला आक्षेप घेण्यास वाव नाही. तरीही स्पिन सममित असलेली त्रिक अवस्था मूळ अवस्थेच्या सुमारे १९.८ इलेक्ट्रॉन व्होल्ट वर, तर एकल अवस्था सुमारे २०.६ वर आढळते. त्रिक अवस्थेत स्पिन सममित असल्याने अवकाशीय भाग प्रतिसममित असावा लागतो. एकल अवस्थेत याच्या उलट घडते. ऊर्जेतील हा भेद आसनांच्या हिशेबातून निघत नाही.

श्वेत बटूतील दाबाचेही तसेच. तो विद्युत् प्रतिकर्षणातून उद्भवत नाही. खालच्या अवस्था व्यापल्यामुळे इलेक्ट्रॉनांना अधिक संवेगाच्या अवस्थांत राहावे लागते, त्यातून तो निर्माण होतो. ‘ढकलाढकली’चे चित्र येथे दिशाभूल करते.

निष्कर्ष :
दृष्टांत त्याज्य नाही. त्याचा क्रम बदलावा. आधी इलेक्ट्रॉनांची अभिन्नता, मग प्रतिसममिती आणि शेवटी अपवर्जन, अशी मांडणी झाल्यास मराठीतून शिकून आलेला विद्यार्थी नियम पाठ करण्याऐवजी तो सिद्ध करू शकेल.