भेसळ कोणाच्या भाषेत?

धारणीच्या बाजारात कोरकू, गोंडी, हिंदी आणि वऱ्हाडी एकाच वेळी कानावर पडतात. भाषाशास्त्राच्या नकाशावर मात्र ही तीन वेगळी कुळे आहेत: कोरकू मुंडा, गोंडी द्राविडी, उरलेल्या दोन्ही आर्य. हा नकाशा रुळला तो ग्रियर्सन यांच्या भाषा-सर्वेक्षणामुळे. त्यातला स्टेन कोनोव यांनी सिद्ध केलेला चौथा खंड १९०६ साली निघाला. मी इथल्या महाविद्यालयात शिकवतो. या खंडाचे मूल्यमापन इथे उभे राहूनच केले पाहिजे, असे मला वाटते.

त्याचे ऋण आधी मान्य करतो. ‘कोरकू म्हणजे मोडकी हिंदी’ असे म्हणणारे सुशिक्षित मला आजही भेटतात. त्यांना चोख उत्तर या अभ्यासपरंपरेत आहे. कोरकूत माणूस म्हणजे ‘कोरो’, संथाळीत ‘होड’, मुंडारीत ‘होरो’. ‘कू’ हा अनेकवचनाचा प्रत्यय. म्हणजे ‘कोरकू’चा अर्थच माणसे! मेळघाटातल्या मुलाचे भाषिक नातलग झारखंडात आहेत, दूरचे तर कंबोडिया-व्हिएतनामपर्यंत.

पण याच खंडाने निहालीला मिश्र ठरवून कोरकूच्या पोटात घातले. ही जळगाव जामोदच्या बाजूची भाषा. १९६२ साली कुइपर यांनी तिचे शब्द तपासले, तेव्हा सुमारे चतुर्थांश शब्द कोणत्याच ज्ञात कुळात बसेनात. आज बहुतेक अभ्यासक तिला स्वतंत्र भाषा मानतात. सर्वेक्षणाला तिची उसनवारी दिसली, तिचे स्वत्व दिसले नाही.

आता एक कल्पित जग घ्या. तिथे राजभाषा कोरकू आहे आणि मराठी डोंगरातल्या चार खेड्यांत उरली आहे. कोरकू पंडित तिचे सर्वेक्षण करायला येतो. ‘जमीन’, ‘कायदा’, ‘वकील’ हे शब्द त्याला फारसी-अरबीतले दिसतात. ‘अण्णा’, ‘अक्का’ द्राविडी. ऐकणाऱ्याला सामावणारे ‘आपण’ आणि वगळणारे ‘आम्ही’ हा भेदही त्याला द्राविडी शेजाराचा वाटतो. तो वहीत लिहितो: ‘मराठी, एक मिश्र बोली.’ पुरावा तोच, सत्ता तेवढी बदलली. सत्ताधारी भाषेची उसनवारी समृद्धी ठरते, सत्ताहीन भाषेची भेसळ. वर्णसंकराची भीती घालणाऱ्या समाजाला हा न्याय अपरिचित नाही.

सरकारी नोंदीही याच न्यायाने चालतात. २०११ च्या जनगणनेत संस्कृत मातृभाषा सांगणारे २४,८२१, तर कोरकू सांगणारे सात लाखांवर. संस्कृत आठव्या अनुसूचीत आहे. कोरकूची बहीण संथाळी २००३ च्या घटनादुरुस्तीने तिथे पोचली, कोरकू अजून बाहेर आहे. १९७१ पासून दहा हजारांहून कमी भाषकांच्या भाषांचे आकडे वेगळे छापले जात नाहीत, त्यात निहाली गडप झाली.

भाषांच्या कुळांचा शोध जरूर घ्यावा, पण नाते दाखवणाऱ्या नकाशाने प्रतिष्ठेचे वाटप करू नये. पुढचा नकाशा कोरकू आणि निहाली तरुणांनीच काढला पाहिजे. त्याची सुरुवात पहिलीच्या वर्गात होते. मराठी पुस्तकापुढे गप्प बसलेले कोरकू मूल मुके नसते. त्याची भाषा वर्गाबाहेर ठेवलेली असते. तिला आत घेण्याचे काम आपल्या शिक्षकांचे आहे.