दीड हाताचा उतार

परभणीहून पूर्णेकडे जाणाऱ्या गाडीच्या खिडकीत बसलं, की पिंगळी येतं, मिरखेल येतं आणि बाहेरचा देश काही बदलत नाही. ज्वारी, सोयाबीन, एखादी बाभूळ, पुन्हा ज्वारी. खिडकीतला माणूस म्हणतो, सगळं सपाट आहे. तो खोटं बोलत नसतो, पण त्याचा तो शब्द गाडीच्या वेगातून आलेला असतो. हाच देश पायी पाहिला तर तो शब्द पहिल्या मैलातच गळून पडतो.

पायी पाहायचा तर ताडकळसपासून सुरुवात करावी. गाव पूर्णा तालुक्यात, परभणी-पालम रस्त्यावर. दक्षिणेला गोदावरी आणि उत्तरेला पूर्णा. या दोघी पुढे कंठेश्वरापाशी मिळतात, म्हणजे गाव दोन नद्यांच्या चिमट्यात बसलेलं आहे. पडलेल्या पावसानं कोणत्या नदीकडे जायचं, हे ठरवणारी एक रेघ या चिमट्यातून जाते. डोळ्यांना ती दिसत नाही, सायकलवरच्या पायांना मात्र कळते. पायडल जड झालं की चढ, आपोआप सुटलं की उतार. फरक असतो एखाद-दीड हाताचा. पण या दीड हातावर इथं माती बदलते, गवत बदलतं, पीक बदलतं. एवढ्या थोड्या भांडवलावर एवढा विस्तार करणं हे मोठ्या गायकाचं काम आहे.

भूमीचा आस्वाद घ्यायचा तर आधी तिचे शब्द घ्यावेत. गाव वसतं ती पांढरी आणि पिकतं ती काळी. माती इतकी पातळ, की वखराच्या पासेला खडक लागतो, ते बरड. बरडाहून उंच, गुरांच्या वाट्याला आलेला तो माळ. दोन उंचवट्यांमध्ये जिथं पाणी रेंगाळतं आणि पाऊस सरल्यावरही ओल राहते ते लवण. कोरड्या वाटसरूला लवण दिसतच नाही. तिथली हरळी बाजूच्या गवताहून महिनाभर जास्त हिरवी असते, एवढीच त्याची खूण. वेल्स देशातही उंचावरच्या ओसाड ओल्या माळाला ‘रोस’ आणि बांधलेली शेतं व उघडा डोंगर यांच्यामधल्या पट्ट्याला ‘फ्रीद’ असे वेगळे शब्द आहेत. आपलं बरड आणि त्यांचं फ्रीद एकमेकांशेजारी ठेवून पाहिलं, की दोन्हीकडचे गुराखी एकाच शाळेत शिकले असावेत असं वाटतं. उताराचा इतका बारीक हिशेब गुरांमागे चालणाऱ्यालाच ठेवावा लागतो.

माळावर पाय ठेवल्यावर पहिल्यांदा भेटतं ते कुसळ. आपण या गवताला म्हणीत बसवलं आणि विसरून गेलो. धोतरात, पायजम्यात शिरतं म्हणून शिव्या दिल्या त्या वेगळ्याच. पण एकदा ते तळहातावर घेऊन बघा. खाली टोकदार बी, त्यावर मागे वळलेली बारीक लव आणि वर पीळ घातलेली लांब शेपटी. त्या शेपटीवर पाण्याचा एक थेंब सोडला तर पीळ उलगडू लागतो आणि कुसळ आपोआप फिरायला लागतं. वाळलं की पुन्हा पीळ भरतो. रात्रीचं दव आणि दिवसाचं ऊन या दोघांच्या ओढाताणीत बी गिरमिटासारखं मातीत शिरतं आणि मागे वळलेली लव त्याला परत वर येऊ देत नाही. आपल्या पायजम्यात ते घुसतं तेही याच कसबानं. पेरायला तिफण नाही, बैल नाहीत. माळ स्वतःची पेरणी स्वतःच करतो आणि तीही बी वरवर न टाकता, खोचून.

कुसळाच्या जोडीला पवन्या आणि मारवेल असेल तो माळ श्रीमंत समजावा. ही गवतं गुरं आवडीनं खातात, म्हणून फार चरलेल्या माळावर ती आधी संपतात. मागे उरतं कुसळ आणि तरवड, कारण तरवडाला गुरं सहसा तोंड लावत नाहीत. पिवळ्याधमक तरवडानं भरलेला माळ फोटोत सुंदर दिसतो, पण जाणकार त्यात उपासमार वाचतो. मी दोन्ही वाचतो आणि तरवडाच्या पिवळ्या रंगाला तरीही हरकत घेत नाही.

आवाज ऐकायचा तर फेब्रुवारी-मार्चची सकाळ गाठावी. चिमणीएवढा एक पक्षी जमिनीवरून उठतो, वर जातो, पंख मिटून दगडासारखा खाली कोसळतो, आता आपटणार असं वाटत असतानाच वळण घेऊन पुन्हा वर चढतो आणि कोसळताना लांबलचक शीळ घालतो. चंडोलाच्या कुळातल्या या पक्ष्याचं मराठी नाव डोंबारी आहे. ते ज्यानं ठेवलं त्याला मनापासून दाद द्यावीशी वाटते. वेल्सच्या माळावरचा चंडोल गात गात उभा चढत जातो आणि आकाशात ठिपका होऊन राहतो. तिथं दाद उंचीला मिळते. आमचा डोंबारी फार उंच जात नाही. त्याची सगळी करामत पडण्यात आणि सावरण्यात आहे. पाऊस कधी चुकेल याचा भरवसा नसलेल्या मुलखाला हा कलावंत शोभून दिसतो.

माळटिटवीची अंडी दाखवायला मात्र मी कुणाला नेत नाही. उन्हाळ्यात उघड्या मुरुमावर, चार खडे बाजूला सारून ती अंडी घालते. अंड्यांचा रंग आणि त्यांवरचे ठिपके खड्यांत इतके मिसळतात, की पाय पडण्याचीच भीती. एकदा असाच वाकून पाहत होतो, तर शेळ्यांमागून आलेल्या म्हाताऱ्यानं विचारलं, ‘‘काय बघायलाव दादा? काय हरपलं का?’’ टिटवीचं सांगितलं. त्यानं तिथूनच काठी रोखून सांगितलं, ‘‘ते काय. दोन पावलं मागं सरा.’’ माझ्या चपलेपासून वीतभरावर अंडी होती. पक्ष्यांची पुस्तकं माझ्याकडे तीन आहेत.

माळावरून उतरलं की काळी लागते आणि सगळा सूर बदलतो. माळ उघडा, तर काळी आतल्या गाठीची. उन्हाळ्यात तिला भेगा पडतात, काही तर कोपरापर्यंत हात जाईल एवढ्या. बाहेरच्याला ती तहानेनं फाटलेली जमीन वाटते. दुसऱ्या महायुद्धात अ‍ॅलन लुईस हा वेल्सचा तरुण कवी आपल्या पलटणीबरोबर इकडे आला. १९४३ साली त्याचा मुक्काम पुणे जिल्ह्यात नीरेला होता. आपल्या सह्याद्रीच्या नावाची त्याची एक इंग्रजी कविता आहे, ‘द मराठा घाट्स’. तिच्यात ऊन आहे, होरपळ आहे, माणसांचे हाल आहेत आणि ते सगळं खरं आहे. पुढच्याच वर्षी, वयाच्या अवघ्या अठ्ठाविसाव्या वर्षी, ब्रह्मदेशातल्या आराकानच्या आघाडीवर त्याचा मृत्यू झाला. आपल्याकडचे दोन-तीन पावसाळे त्याला मिळाले असते, तर त्यानं काळीवर काय लिहिलं असतं, असं मला नेहमी वाटतं.

कारण भेग हे काळीचं कसब आहे. या मातीतली चिकण पाणी पिऊन फुगते आणि वाळून आकसते. आकसताना पडलेल्या भेगांत वरची भुसभुशीत माती ओघळते. पहिल्या पावसाचं पाणी वाहून न जाता त्याच वाटेनं थेट खाली उतरतं. मग माती फुगते आणि भेगा मिटतात. वरची माती खाली, खालची वर, अशी ही जमीन वर्षानुवर्षं स्वतःलाच उलथत राहते. नांगर आला तो फार नंतर. खोल गेलेली ही ओल पुढं रब्बीची ज्वारी पोसते. दिवाळीनंतर आभाळातून जवळपास काही येत नाही आणि तरी हुरड्याच्या दिवसांत कणसं टपोरी भरतात. परभणीच्या कृषी विद्यापीठानं रब्बी ज्वारीच्या एका वाणाला ‘परभणी मोती’ हे नाव दिलं, तेव्हा त्या कचेरीतही कुणी रसिक बसला होता हे नक्की.

काळीच्या या स्वभावामुळे घडलेला एक शब्द आहे, वाफसा. माती ओली तर आहे, पण अवजाराला चिकटत नाही. मोकळी आहे, पण कोरडी नाही. या दोन्हींमधली ती नेमकी अवस्था. भारी जमिनीत ती येते आणि हा हा म्हणता निघून जाते. शेतकरी मूठभर माती दाबतो, सोडतो, ती कशी फुटते ते बघतो आणि एवढ्यावर तिफण जुंपायची की नाही ते ठरवतो. गाण्यात समेवर येणं आणि शेतात वाफसा साधणं यांत मला फरक वाटत नाही. शेतात चुकलं तर वर्ष जातं, एवढाच.

या सगळ्याखाली काय आहे ते पाहायला विहिरीसारखी जागा नाही, विशेषतः नव्या, न बांधलेल्या विहिरीसारखी. काठावर उभं राहून खाली बघा. वर काळी, तिच्याखाली चुनखडीचे पांढरे खडे मिसळलेली चिकण, मग मुरूम. मुरमात अधूनमधून गोल धोंडे दिसतात, कांद्याच्या पापुद्र्यांसारखे सुटत चाललेले. त्याखाली पांढऱ्या ठिपक्यांचा मांजऱ्या खडक. लाव्हारसातल्या वायूचे बुडबुडे थिजून छिद्रं झाली आणि ती पुढं गारगोटीनं, झिओलाइटच्या स्फटिकांनी भरली. ते हे ठिपके. आणि तळाला काळा फत्तर, ज्याच्यापुढं पहार हात टेकते. मधेच कुठं गेरूसारखा तांबडा पट्टा दिसला तर तिथं थांबा. एक लाव्हा थंड झाल्यावर त्यावर माती तयार झाली आणि मग दुसऱ्या लाव्हानं तिला भाजून काढलं. सहा कोटी साठ लाख वर्षांच्या आसपासची ही भट्टी. इंग्लंडातल्या स्टोनहेंजचे निळसर दगड वेल्सच्या प्रेसेली माळावरून नेलेले आहेत. त्यांतले बरेचसे डोलेराइटचे, म्हणजे आपल्या काळ्या फत्तराच्याच गोत्रातले, पण वयानं कितीतरी थोरले. त्या माळाचे दगड देवस्थानाला गेले, आमचे विहिरीच्या काठावर पडून आहेत. दर्जात कमी-जास्त काही नाही.

एक तक्रार करतो आणि पुढं जातो. २००० साली ब्रिटिश संसदेनं इंग्लंड-वेल्ससाठी कायदा करून डोंगर, मूर, हीथ आणि डाउन अशा मोकळ्या भूमीवर पायी हिंडण्याचा हक्क लोकांना दिला. त्याच साली आपल्याकडे पडीक जमिनींचा राष्ट्रीय नकाशासंग्रह छापला गेला आणि झुडपी माळ त्यात ‘पडीक’ म्हणून रंगवले गेले. सातबाऱ्यावर तर ‘पोटखराब’ हा शब्द त्याआधीपासून आहेच. ज्या जमिनीवर डोंबारी नाचतो तिला हे नाव ज्यानं दिलं, त्यानं ती घोड्यावरून पाहिली असावी.

शेवटी उतार गोदावरीला मिळतो. धानोरा काळेच्या बाजूनं गेलात तर नदी अचानक समोर येते. काठ खोल असल्यामुळे पाणी लांबून दिसत नाही. आधी हवा गार लागते, मग बगळे दिसतात आणि मग पात्र. ताडकळसहून निघालेल्या त्या दीड हाताची सगळी बेरीज इथं एका कड्यात उभी केलेली आहे. कड्याच्या गाळात काळीचे थर मोजता येतात.

जायचं असेल तर डिसेंबरची सकाळ बरी. ज्वारी डोक्याच्या वर गेलेली असते, कुसळ सोनेरी झालेलं असतं आणि उन्हाचा त्रास नसतो. पायजमा मात्र गुडघ्यापर्यंत दुमडा. आणि पाऊस पडला असेल तर दोन दिवस थांबा, काळी चप्पल परत देत नाही.