दोन बिंदू आणि आपण ओढलेली रेषा

जुन्या नियतकालिकांचे अंक मिळतात का, हे पाहायला मी रद्दीच्या दुकानांत जातो. गेल्या पावसाळ्यात तिथे एक इंग्रजी अनुवाद हाती आला : सेइचो मात्सुमोतो यांची ‘पॉइंट्स अँड लाइन्स’. लेखकाचे नावही मी ऐकले नव्हते. झुंजार आणि काळापहाड यांच्यावर पोसलेल्या माझ्यासारख्या वाचकाला ते ठाऊक असण्याचे कारणही नव्हते. संध्याकाळी वाचायला घेतलेली कादंबरी रात्री दोन वाजता संपवूनच खाली ठेवली.

ही कादंबरी १९५७-५८मध्ये ‘ताबी’, म्हणजे ‘प्रवास’, या जपानी मासिकातून क्रमशः प्रसिद्ध झाली. फुकुओकाजवळच्या काशिई इथल्या समुद्रकिनाऱ्यावर एक पुरुष आणि एक स्त्री शेजारीशेजारी मृत आढळतात. तो भ्रष्टाचाराची चौकशी चाललेल्या खात्यातला अधिकारी. ती तोक्योच्या एका भोजनगृहात काम करणारी. प्रेमिकांनी जोडीने जीव देणे जपानला अपरिचित नाही. त्यामुळे प्रकरण मिटल्यातच जमा होते. तोरिगाई या अनुभवी पोलिसाला मात्र मृताच्या खिशातली एक पावती खटकते. ती आगगाडीतल्या जेवणाची आहे आणि एकाच माणसाची आहे. प्रेयसी सोबत असताना हा एकटाच कसा जेवला?

दुसरा धागा तोक्यो स्थानकावरचा. १३ क्रमांकाच्या फलाटावरून १५ क्रमांकाचा फलाट संध्याकाळी ५.५७ ते ६.०१ एवढी चारच मिनिटे दिसतो. एरवी मध्ये गाड्या उभ्या असतात. नेमक्या त्याच चार मिनिटांत एक व्यापारी ‘ती जोडी’ दोन साक्षीदारांना दाखवतो. योगायोग इतका नेमका असेल तर तो कोणीतरी घडवलेला असतो.

संशयित कोण हे वाचकाला बरेच आधी कळते. तरी उत्कंठा ओसरत नाही, कारण प्रश्न ‘कोणी?’ हा नसून ‘कसे?’ हा आहे, आणि उत्तर रेल्वेच्या वेळापत्रकात दडलेले आहे. एक दोषही सांगितला पाहिजे. विमानप्रवासाची शक्यता तपास अधिकाऱ्याच्या लक्षात फार उशिरा येते. आजचा वाचक त्याच्या कितीतरी पुढे गेलेला असतो.

पुढे रहस्य फोडावे लागत आहे, वाचकांनी क्षमा करावी. त्या दोघांमध्ये प्रेम नव्हतेच. दोघांना वेगवेगळे मारून शेजारी ठेवले होते. खुन्याने फक्त दोन बिंदू जवळ आणले. मधली रेषा पोलिसांनी, वर्तमानपत्रांनी आणि आपणही ओढली. कादंबरीचे खरे भय मला इथे वाटले. शेवटी ज्याच्या सोयीसाठी हे घडले, तो बडा अधिकारी सुटतो आणि अधिक चांगल्या जागी जातो. कोडे सुटते, न्याय होत नाही. आमच्या रहस्यकथांत खलनायक पकडला गेला की पुस्तक समाधानाने मिटता येई. इथे ती सोय नाही.

मात्सुमोतोंचे शालेय शिक्षण प्राथमिक पातळीवरच थांबले होते. छापखान्यात उमेदवारी करून ते पुढे वृत्तपत्राच्या जाहिरात विभागात लागले, आणि अकुतागावा पुरस्कार मिळाला तेव्हा वयाची चाळिशी उलटली होती. पदवीशिवाय कागद चाळत बसणाऱ्या मला हा तपशील जवळचा वाटला, हे कबूल करतो.

पण पुस्तकाने मला दिलासा दिला नाही, कामाला लावले. त्याच सुमारास लिहिलेल्या एका लेखात, दोन नावे एकाच नोंदवहीच्या एकाच पानावर सापडली म्हणून, ‘या दोघांचा निकटचा परिचय असला पाहिजे’ असे मी ठामपणे म्हटले होते. वाक्य सुबक होते आणि त्यावर पुढची चार पाने उभी होती. पुरावा एवढाच, की दोन बिंदू शेजारी होते. दुसऱ्या दिवशी सकाळी ते वाक्य खोडले. चार पानेही गेली.