मोडी शिकवतो, मग जुनी इंग्रजी का नाही?

आपल्या धरणगावात १६७४ साली इंग्रजांनी वखार घातली आणि पुढच्याच वर्षी मराठ्यांनी ती लुटली. अशा वखारींची पत्रं आज छापील मिळतात. पुण्याच्या शिवचरित्र कार्यालयानं १९३१ मध्ये ‘इंग्लिश रेकॉर्ड्‌स ऑन शिवाजी’ काढलं. पण जळगाव-धुळ्याचा विद्यार्थी दोन पानांत ते मिटतो. म्हणतो, “सर, माझं इंग्लिश कच्चं आहे.”

हे निदान मला मान्य नाही. ती इंग्रजी आजच्या लंडनकरालाही अडते. नुसत्या डोळ्यांनी वाचलं तर ‘सेवागी’ दिसतो. मोठ्यानं वाचा, ‘सेवाजी’ ऐकू येतो, म्हणजे आपले शिवाजी महाराज. स्पेलिंग तेव्हा ठरलेलंच नव्हतं. घरी अहिराणी बोलणाऱ्याला यात नवल काय? ती तरी सगळे एकसारखी कुठे लिहितात?

दुसरी अडचण सालाची. इंग्रजांचं वर्ष तेव्हा २५ मार्चला बदलायचं. म्हणून जानेवारी १६६४ ची सुरतेची लूट त्यांच्या कागदात १६६३ ची दिसते. पाडव्याला वर्ष बदलणाऱ्या आपल्याला हे एकदा सांगितलं की पुरे. तिसरी अडचण शब्दांची. ‘फॅक्टरी’ म्हणजे कारखाना नव्हे. आपला जुना ‘वखार’ हाच शब्द नेमका आहे.

सोपा मार्ग म्हणून आपण सारांश हाती देतो. विल्यम फॉस्टर यांचे ‘द इंग्लिश फॅक्टरीज इन इंडिया’चे तेरा खंड फार उपकारक आहेत, पण त्यांत बऱ्याच पत्रांचं सारच आहे. सारात घटना उरते, बोलणाऱ्याचा सूर जातो. मूळ पत्रात महाराजांना ‘बंडखोर’ म्हटलेलं दिसलं की आपण चिडतो. थांबा जरा. लिहिणारा कंपनीचा नोकर आहे. बुडालेल्या मालाचा हिशेब तो वरिष्ठांना देतोय, आणि दोष स्वतःवर येऊ नये हीही काळजी त्याला आहे. त्याचा शब्द ही साक्ष आहे, निवाडा नव्हे. हा फरक सारांशातून शिकता येत नाही.

इतिहासाचार्य राजवाडे अस्सल कागदांसाठी गावोगाव फिरले आणि १९२६ मध्ये याच धुळ्यात गेले. त्यांच्या नावाचं संशोधन मंडळ इथं आहे. मोडी शिकवावी लागते, हे आपल्याला पटतं. जुनी इंग्रजी मात्र विद्यार्थ्याला आपोआप यावी, अशी अपेक्षा! ती आली नाही की पोरगं स्वतःला कमी समजतं आणि संशोधनाची वाट सोडतं. प्राध्यापक मंडळींना माझं एवढंच सांगणं आहे : आठवड्याला एक पत्र घ्या, वर्गात मोठ्यानं वाचा, अडेल तिथं थांबा. खानदेशाचा इतिहास खानदेशच्या मुलांनी वाचायचा तर एवढं करावंच लागेल.